पायी नर्मदा परिक्रमा: पाठीवरचं ओझं, पायांची निगा आणि आसनाचे रिवाज

नर्मदा अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत १३१२ किलोमीटर वाहते. दोन्ही काठ धरले तर नकाशावर २६०० किलोमीटर भरतात, पण चालणं तीन हजारांच्या पुढे जातं. बरगी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर या धरणांच्या फुगवट्यात काठाची जुनी वाट ठिकठिकाणी बुडाली आहे. उपनद्यांच्या मुखातही पाणी आत शिरतं, मग पूल सापडेपर्यंत वळसा घ्यावा लागतो. म्हणून तयारी तीन हजारांची करावी.

नियम मोजकेच आहेत. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि तिचं पात्र कुठेही ओलांडायचं नाही, अपवाद फक्त समुद्राच्या मुखाशी नावेने पलीकडे जाण्याचा. उपनद्या ओलांडलेल्या चालतात. जिथून परिक्रमा उचलली, म्हणजे सुरू केली, तिथेच येऊन पूर्ण करायची आणि शेवटी ओंकारेश्वराला जल चढवायचं. आषाढी एकादशीपासून चातुर्मासात चालायचं नाही, एका जागी राहायचं. शास्त्रोक्त परिक्रमा तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. नोकरी-संसार सांभाळून जाणारे बहुतेक जण दसरा ते कार्तिकी एकादशीच्या सुमारास निघतात आणि पाच-सहा महिन्यांत परततात. एवढी सलग रजा मिळत नसेल तर खंड परिक्रमा करता येते: पंधरा दिवस चालायचं, थांबलेली जागा नोंदवायची, पुढच्या वेळी तिथूनच पाऊल टाकायचं.

दिवसांचं गणित

रोज सरासरी २२ किलोमीटर धरले तर तीन हजारांना १३६ दिवस लागतात. आजारपण, पाऊस, नावेची वाट आणि नुसती विश्रांती यांचे पंधरा-वीस दिवस त्यात मिळवा. दीडशे दिवस हातात असल्याशिवाय सलग परिक्रमेचा संकल्प करू नये, कारण शेवटी दिवस कमी पडले की माणूस रोज ३५ किलोमीटर ओढायला लागतो आणि गुडघे तिथेच जातात.

महाराष्ट्रातले बरेच जण ओंकारेश्वरहून उचलतात. ते इंदूरहून सुमारे ८० किलोमीटरवर आहे, खंडव्याहूनही एसटीसारख्या बस मिळतात. तिथून दक्षिण काठाने पश्चिमेला निघायचं. नोव्हेंबरच्या मध्यावर निघालात तर डिसेंबर अखेरीच्या आत समुद्र गाठता, थंडीचे महिने उत्तर काठावर जातात, मार्चच्या सुमारास अमरकंटक येतं आणि परतीचा दक्षिण काठ एप्रिलच्या उन्हात पडतो. हे ऊन नियोजनात धरलं नाही तर शेवटचा महिना फार जड जातो. निघायला उशीर झाला असेल तर त्याची भरपाई थंडीत रोज दोन किलोमीटर जास्त चालून करावी. उन्हाळ्यात ती होत नाही.

ओंकारेश्वराचं मंदिर नदीतल्या मांधाता बेटावर आहे. एकदा संकल्प केला की परिक्रमा पुरी होईपर्यंत तिकडे जाता येत नाही, तेव्हा दर्शन आदल्या दिवशी उरकून घ्या. ममलेश्वराचं मंदिर दक्षिण काठावरच आहे. संकल्पाच्या वेळी छोट्या बाटलीत नर्मदाजल भरून घेतात, कन्यापूजन होतं, कढाई म्हणजे शिऱ्याचा नैवेद्य होतो. पुढे रोज सकाळ-संध्याकाळ या बाटलीची पूजा-आरती करायची असते. बाटली काचेची नको. जाड प्लास्टिकची किंवा स्टीलची, आट्याच्या झाकणाची, शंभर-दोनशे मिलिलिटरची पुरे. निघण्यापूर्वी स्थानिक नगर परिषद किंवा ग्रामपंचायतीकडून परिक्रमावासी असल्याचं पत्र घ्यावं. त्यासाठी आधारची प्रत आणि दोन-तीन फोटो लागतात. हे पत्र आणि आधारच्या चार-पाच प्रती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, आश्रमांत आणि नावेच्या नोंदणीत त्या मागतात.

सॅकचं वजन

भरलेली सॅक स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असावी. साठ-सत्तर किलोच्या माणसाला सात किलो पुष्कळ झाले. हे सात किलो असे बसतात: रिकामी सॅक १.१ किलो, हलकी स्लीपिंग बॅग १ किलो, खाली अंथरायची मॅट ३०० ग्रॅम, कपडे १.२ किलो, पातेली-तवा-ताटली ६०० ग्रॅम, पूजेचं सामान ५०० ग्रॅम, औषधं ३०० ग्रॅम, पॉवर बँक आणि चार्जर ३५० ग्रॅम, खाऊ ७०० ग्रॅम आणि एक लिटर पाणी.

कपड्यांत अंगावरचा एक जोड आणि सॅकमधला एक, एवढंच. परिक्रमेत पांढरं वापरायची रीत आहे, पण पातळ सुती पांढरं घामाने चिकटतं आणि थंडीत वाळत नाही. मिश्र धाग्याचं घ्या. एक गरम जाकीट, कानटोपी, पंचा, तीन जोड मोजे. सॅकला पावसाळी आवरण असलं तरी आतल्या वस्तू जाड प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत भरून मगच सॅकमध्ये ठेवा, कारण आवरण पाठीच्या बाजूने पाणी सोडतं.

लाठीवर काटकसर करू नका. बांबूची, छातीपर्यंत उंच, खाली लोखंडी किंवा रबरी टोपी असलेली घ्या. उतारावर ती गुडघ्यांचा भार घेते, ओढ्यात तिसरा पाय होते, आणि कुत्री तिच्याकडे बघूनच लांब राहतात.

पहिल्या आठवड्यात जवळपास सगळ्यांची सॅक हलकी होते. दुसरी चादर, जाड पुस्तक, तिसरा सदरा हे वाटेतल्या पोस्टातून घरी जातं. ते निघण्यापूर्वीच काढायचं तर एक परीक्षा आहे: सॅक भरून लागोपाठ दोन दिवस वीस-वीस किलोमीटर चाला, त्याच बुटांत, डांबरीवर आणि कच्च्या वाटेवरही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काय नको ते खांदे आपोआप सांगतात. हा सराव किमान दोन महिने आधी सुरू करावा.

पाय

परिक्रमा अर्ध्यावर सोडण्याच्या कारणांत पायांचे फोड आणि नडगीचं दुखणं वरच्या क्रमांकावर आहेत, आणि दोन्ही बहुतेक वेळा टाळता येतात.

बूट नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा घ्या. दोन-तीन आठवडे सलग चाललं की पाऊल पसरतं. संध्याकाळी, चालण्याचे मोजे घालूनच माप बघावं. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहायला हवी. उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. याचं कारण आखूड बूट तरी असतं नाही तर घोट्याजवळ सैल सोडलेली नाडी. उतार लागण्यापूर्वी थांबून वरचे दोन वेढे घट्ट करायचे. भारी चामडी ट्रेकिंग बूट या वाटेला नकोत, ते वाळायला दोन दिवस घेतात. जाळीचे हलके धावण्याचे बूट आणि मुक्कामावर सँडल ही जोडी चालते. तीन हजार किलोमीटरमध्ये बुटांचे दोन-तीन जोड लागतात. तळव्याची नक्षी झिजली, टाच एका बाजूला कलली की बदला. मोठ्या मापाचे बूट लहान गावात मिळत नाहीत, ते भरूच किंवा जबलपूरसारख्या शहरातच बघावेत.

फोड यायला तीन गोष्टी लागतात: ओल, उष्णता आणि घर्षण. सुती मोजा घाम धरून ठेवतो, म्हणून तो नको. तासाभराने पाच मिनिटं बूट-मोजे काढून पाय वाऱ्यावर ठेवायचे, दोन तासांनी मोजे बदलायचे आणि ओला जोड सॅकवर पिनेने टाचून वाळवत चालायचं. पहाटे निघताना बोटांच्या बेचक्यांत आणि टाचेला व्हॅसलिन चोळा. जांघेतही लावा, तिथलं सोलणं फोडापेक्षा जास्त हैराण करतं.

टाचेला किंवा करंगळीला चुरचुर जाणवली की पुढच्या झाडापर्यंतही जाऊ नका. बूट काढा, जागा कोरडी करा, कागदी चिकटपट्टी दोन बोटं जास्त रुंद लावा आणि तिचे कोपरे कात्रीने गोल करा. चौकोनी कोपरा मोज्यात अडकून उचलला जातो आणि पट्टीखाली वाळू जाते. फोड भरलाच असेल आणि चालताना दाबला जात असेल तर सुई स्पिरिटने पुसून फोडाच्या बुडाशी दोन जागी टोचा, पाणी हलकेच दाबून काढा, वरची कातडी तशीच राहू द्या, जंतुनाशक मलम आणि गॉझ ठेवून पट्टी लावा. सुईत दोरा ओवून तो फोडात ठेवायचा घरगुती उपाय वाटेत बरेच जण सांगतात. तो करू नका, दोऱ्यावरून घाण आत जाते. भोवती लाली पसरली, लाल रेघ वर चढली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मधुमेह असणाऱ्यांनी रोज रात्री विजेरी लावून तळवे बघावेत, त्यांना फोड दुखेलच असं नाही.

नडगीचं दुखणं डांबरामुळे येतं. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून उजव्या कडेने चालणं बरोबरच, पण दिवसेंदिवस त्याच कलत्या कडेवर चाललं की दोन्ही पाय सारखे पडत नाहीत आणि एकच नडगी किंवा एकाच गुडघ्याची बाहेरची बाजू धरते. शक्य तिथे साइडपट्टीच्या मातीवर उतरा. दुखणं सुरू झालं तर दोन दिवस अंतर निम्मं करा. गोळी खाऊन तेच अंतर ओढलं की पुढे दहा दिवस झोपावं लागतं.

निमाडातली, म्हणजे खंडवा-खरगोन-बडवानी भागातली, काळी माती हा वेगळा विषय आहे. हिवाळ्यात पडणाऱ्या पावसाला तिकडे मावठा म्हणतात. मावठा झाला की शेतातली माती तळव्याला थरावर थर चिकटते आणि शंभर पावलांत एकेक बूट किलोभर जड होतो. त्या दिवशी काठाची वाट सोडून सडक धरावी.

वाट आणि पाणी

दर दिवशी दोन पर्याय असतात, किनारा आणि सडक. किनाऱ्याने अंतर जास्त, शेतांचे बांध, बाभळीचे काटे, ओढे. सडकेने वेग चांगला, पण मैया दिसत नाही आणि पाय भाजतात. आम्ही किनाऱ्याच्या बाजूने आहोत, मात्र धरणांच्या फुगवट्यालगत स्थानिकांना विचारल्याशिवाय किनारा धरू नये. पाणी आत आलेल्या एखाद्या नाल्यामुळे दहा किलोमीटर मागे फिरण्याची वेळ तिथेच येते.

अंतर विचारण्यात गोंधळ होतो. गावकरी कोसात सांगतात, कोस म्हणजे ढोबळ तीन किलोमीटर, पण मोटरसायकलवाल्याचा कोस लहान असतो. "पैदल कितना टाइम लगेगा?" असं विचारावं, आणि तेही गुराख्याला किंवा डोक्यावर भारा घेतलेल्या बाईला. नकाशे मोबाइलवर आधीच उतरवून ठेवा. मोबाइल विमान मोडवर ठेवला तर दहा हजार एमएएच क्षमतेची पॉवर बँक चार-पाच दिवस जाते.

तवा, दूधी, शक्कर, कुंदी, गोई, हिरण, ओरसंग अशा उपनद्यांपैकी काहींवर पूल आहेत, काही ठिकाणी नाव आहे आणि काही पाण्यातून चालून पार होतात. पाण्यात उतरताना सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडून ठेवा, घसरलात तर सॅक टाकता यायला हवी. सँडल घाला, अनवाणी नको, शेवाळलेल्या दगडावर पाय सटकतो. प्रवाहाकडे तिरकं तोंड करून, लाठी वरच्या अंगाला रोवून एका वेळी एकच पाय हलवायचा. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर लागत असेल तर उतरू नका, पूल शोधा.

नर्मदेत मगरी आहेत. आंघोळीपूर्वी त्या घाटाची चौकशी करा, पहाटे अंधारात निर्जन जागी पाण्यात उतरू नका, आणि तांब्याने काठावर बसूनच अंघोळ करा. साबण लावायचा असेल तर पाणी बादलीत घेऊन काठापासून दूर. धरणांच्या खालच्या अंगाला पात्रातल्या खडकांवर किंवा वाळूच्या बेटावर बसू नये, मुक्काम तर नाहीच. ७ एप्रिल २००५ रोजी धाराजी इथे वरून सोडलेलं पाणी रात्री अचानक वाढलं आणि अमावस्येच्या मेळ्याला आलेले अनेक भाविक वाहून गेले. आकाश कोरडं असतानाही पाणी वाढतं, हे या नदीवर कायम ध्यानात ठेवायला हवं.

तीर्थ म्हणून आचमन घेणं वेगळं आणि दिवसभराचं तीन-चार लिटर पाणी नदीतून भरणं वेगळं. रोजचं पिणं हातपंपाचं, नाही तर उकळलेलं किंवा क्लोरीनच्या गोळीचं. पोट बिघडलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्या आणि तो दिवस चालणं बंद. चमचा चहाचा धरायचा. मीठ जास्त पडू देऊ नका.

आसन

मुक्कामाला इथे आसन म्हणतात. आश्रम, धर्मशाळा, देऊळ, शाळेची ओसरी, एखाद्या शेतकऱ्याचं अंगण, कुठेही आसन लागतं आणि बहुतेक ठिकाणी जेवण मिळतं. तीन हजार किलोमीटरची ही वाट चालते ती या लोकांच्या बळावर. त्यांतले कितीतरी जण स्वतः अल्पभूधारक आहेत. पाठीवरचं ओझं जसं मोजतो तसं त्यांच्यावर पडणारं ओझंही मोजायला हवं.

चार-पाचच्या सुमारास पोहोचा, अंधार पडल्यावर चालायचं नाही. दारातून "नर्मदे हर" म्हणा. आतून उत्तर येतं आणि लगेच प्रश्न येतो, "कितनी मूर्ति है?" परिक्रमावासी माणसं म्हणून मोजले जात नाहीत, मूर्ती म्हणून मोजले जातात. मागून येणारे धरून नेमका आकडा सांगा. तुम्ही तीन सांगितले आणि रात्री आठला आणखी पाच आले, तर घरातल्या बाईला पुन्हा चूल पेटवावी लागते किंवा ती स्वतः उपाशी झोपते. दहाबाराचा जथा करून चालू नये ते यासाठीच. दोघं-तिघं बरे.

आसन कुठे लावायचं हे यजमानाला विचारा. आधी बाटली स्वच्छ उंच जागी ठेवा, मग बूट बाहेर, हातपाय धुवून आत. स्वयंपाकघरात विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. भाजी चिरायला, झाडायला, पाणी भरायला हात लावा. ताटात हवं तेवढंच घ्या आणि ताटाबरोबर एखादं पातेलंही घासा. सकाळच्या नाश्त्याला बालभोग म्हणतात. तो मिळाला तर घ्यावा, मागू नये. आजारी नसाल तर दुसरी रात्र काढू नका. निघताना जागा झाडून घ्या. दानपेटी असेल तर तिच्यात काही टाका, नसेल तर गावच्या दुकानातून पीठ-डाळ आणून ठेवा. पैसे हातात दिलेले काही घरांत आवडत नाहीत.

काही ठिकाणी शिजलेलं अन्न मिळत नाही, सदाव्रत मिळतं: पीठ, डाळ, तांदूळ, मीठ, मिरची. मग स्वतः रांधायचं. एका भुकेल्या माणसाला २०० ग्रॅम कणीक लागते, तिचे दोन टिक्कड होतात. टिक्कड म्हणजे हाताने थापलेली जाड पोळी. कणकेत चिमूटभर मीठ घालून निम्म्याहून थोडं जास्त पाणी लागेल तसं टाका. पोळीपेक्षा घट्ट मळा आणि दहा मिनिटं ओल्या पंचाखाली ठेवा. तळहातावर फिरवत अर्ध्या बोटाच्या जाडीचं थापा. तीन दगडांची चूल मांडताना वाऱ्याच्या बाजूला तोंड ठेवा, सुरुवातीला काटक्या बोटाएवढ्या बारीकच घ्या. तव्यावर दोन्ही बाजू कोरड्या होईपर्यंत भाजून टिक्कड निखाऱ्याला उभं टेकवायचं आणि चाकासारखं फिरवत राहायचं. ज्वाळेवर घाई केली की वरून करपतं, आत कच्चं राहतं आणि रात्री पोट धरतं. निखारे पडायची वाट बघणं एवढंच त्यातलं कसब आहे. कंटाळा आला तर १०० ग्रॅम तांदूळ, ५० ग्रॅम मूगडाळ आणि पाऊण लिटर पाणी, खिचडी होते. चूल विझवून, दगड जागच्या जागी ठेवूनच उठा.

झाडी आणि खाडी

ओंकारेश्वरहून पश्चिमेला निघालं की काही दिवसांत रावेरखेडी येतं. थोरल्या बाजीरावांची समाधी तिथे आहे, २८ एप्रिल १७४० रोजी त्यांचं तिथेच निधन झालं. मराठी परिक्रमावासी तिथे थांबतातच. पुढे बडवानी सोडलं की शूलपाणीची झाडी, म्हणजे डोंगराळ जंगलाचा पट्टा, लागते. एक वाट डोंगरातून, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातून जाते. दुसरी सडकेने शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा, सागबारा, डेडियापाडा अशी राजपिपळ्याला पोहोचते. गुडघे धड नसतील तर सडक घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

डोंगरवाटेला उंच चढ-उतार आहेत, दुकानं विरळ, मोबाइलला रेंज तुटक. दोन दिवस पुरेल एवढं सुकं खाणं जवळ हवं: गूळ-शेंगदाणे, सातूचं पीठ, दडपे करायला पोहे. एकट्याने जाऊ नका. पूर्वी इथे परिक्रमावासी लुटले जात. इथल्या भिल्ल बांधवांना परिक्रमावासी मामा म्हणतात, आणि आज हेच मामा वाट दाखवतात, मक्याची भाकरी वाढतात. पोरं गोळ्या-चॉकलेटं मागत मागे धावतात. मुठी भरून वाटू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे, त्याने मुलं शाळा सोडून वाटेवर उभी राहतात आणि कागद रानभर होतो. द्यायचंच तर वह्या-पेन्सिली शाळेत गुरुजींकडे द्या.

दक्षिण काठ भरूच जिल्ह्यात हांसोटपलीकडे विमलेश्वर-कठपोरच्या बाजूला संपतो. तिथून नावेने खाडी पार करून उत्तर काठावर मिठी तलाईला उतरतात. ही नाव भरतीवर चालते. खंबातच्या आखातातला भरती-ओहोटीचा फरक देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे, त्यामुळे वेळ रोज सरकते, कधी मध्यरात्री तर कधी पहाटे. पोहोचल्याबरोबर नावनोंदणी करा आणि एक-दोन दिवस थांबायची तयारी ठेवा. नाव लागते तिथे आणि उतरतो तिथेही पोटरीभर चिखल असू शकतो: बूट सॅकला बांधा, सँडलही चिखलात राहतात, अनवाणी चाला. तीन-चार तास नावेत उठता येत नाही, चढण्यापूर्वी दोन तास पाणी बेताने प्या. लाटेचं खारं पाणी अंगावर येतं, तेव्हा मोबाइल, कागद आणि जाकीट प्लास्टिकमध्ये. लाइफ जॅकेट सॅकच्या वरून घालू नका, अंगावर घाला आणि सगळे बंद लावा. ते मिळालं नाही किंवा नाव दाटीवाटीने भरली तर पुढच्या भरतीची वाट बघा. रेवासागर संगमावर, म्हणजे नर्मदा समुद्राला मिळते तिथे, बाटलीतलं निम्मं गोड पाणी समुद्रात सोडून तेवढं खारं भरून घेतात. हालत्या नावेत झाकण पडतं, म्हणून ते आधीच दोऱ्याने बाटलीच्या गळ्याला बांधून ठेवा.

राहिलेल्या काही गोष्टी

निघण्यापूर्वी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या आणि दात तपासून घ्या. दाढ दुखायला लागली तर झाडीत डॉक्टर नाही. कुत्रं चावलं, ओरखडलं तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करा आणि पुढच्या तारखा वाटेतल्या रुग्णालयांत पुऱ्या करा. केसपेपर जपून ठेवा.

बायकांना बहुतेक आश्रमांत वेगळी जागा देतात आणि माताराम, माताजी म्हणून मान देतात. तरी आसन इतर स्त्रियांच्या शेजारी किंवा कुटुंब राहत असलेल्या घरात लावणं सोयीचं. पाळीच्या दिवसांत पूजेची बाटली सोबतिणीकडे द्यायची रीत काही जणी पाळतात, काही पाळत नाहीत. आश्रमाचा रिवाज काय हे तिथल्या माताजींना विचारून घ्यावं. पॅड रानात टाकायची वेळ येऊ नये म्हणून पाळीच्या कपची सवय तीन-चार महिने आधी करून घ्या.

पैसे शंभर-पन्नासच्या नोटांत ठेवा, दोन-तीन हजार जवळ असले की पुरे. रेंज नसेल तिथे मोबाइलवरून पैसे जात नाहीत.

अमरकंटकला उगमकुंडाशी थांबून मागे फिरायचं नाही. जवळच्या माई की बगिया या जागेच्या मागून वळसा घालून दक्षिण काठावर यायचं, म्हणजे प्रवाह ओलांडला जात नाही. इथून नदी पुन्हा उजव्या हाताला, या वेळी पश्चिमेकडे. एप्रिलमध्ये पहाटे साडेचारला निघून दहाच्या आत पंधरा किलोमीटर उरका, चारपर्यंत सावलीत पडा, उरलेले पाच-सात संध्याकाळी. डोक्यावर ओला पंचा आणि दर तासाला थोडं पाणी, तहान लागायची वाट न बघता.

ओंकारेश्वरला पोहोचून जिथून उचललं त्या जागी पाया पडलं, कन्यापूजन आणि कढाई झाली की मग पूल ओलांडून मंदिरात जायचं आणि बाटलीतलं पाणी चढवायचं. घरी परतल्यावर चालणं एकदम थांबवू नका, सांधे आखडतात. पहिले पंधरा दिवस रोज पाच-सहा किलोमीटर चाला. भूक मात्र पंचवीस किलोमीटरचीच राहते, तेव्हा ताटातली एक पोळी पहिल्या दिवसापासून कमी करा.